पाडव्याची वही आणि पुतणीचा लॅपटॉप

माझे वडील नाशकात एका भुसार पेढीवर दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारीच ते लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या घेऊन येत; एक रोजकीर्दीची, दुसरी खतावणीची. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, त्याखाली ‘श्री’चा मनोरा, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर पहिली नोंद. वही कोणती घ्यावी, हा प्रश्न त्यांना जन्मात कधी पडला नाही. कागद जाड आहे ना, शिवण पक्की आहे ना, एवढे पाहिले की झाले. ऐन मार्चात वहीवाला दारात येऊन “तुमची वर्गणी संपली, आता वही उघडायची नाही” असे म्हणेल, ही कल्पनाही त्यांना हास्यास्पद वाटली असती.

माझ्या पुतणीच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडले.

तिने आणि तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने २०२३ साली नाचणीची बिस्किटे करण्याचा उद्योग काढला. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा, एक भट्टी, तीन बायका कामाला. अशा उद्योगाला हल्ली स्टार्टअप म्हणतात; आमच्या वेळी नसते धाडस म्हणत. माल चांगला होता, तो खपू लागला. बिले करण्यासाठी त्यांनी मोबाईलवर एक स्वस्तातले ॲप घेतले होते. (त्याचे नाव सांगत नाही; अशी पुष्कळ आहेत.) २०२५ च्या मार्चमध्ये दुसऱ्या भट्टीसाठी त्या कर्ज मागायला गेल्या, तेव्हा बँकेने ताळेबंद मागितला. नेमकी त्याच आठवड्यात ॲपची वर्गणी संपलेली. ती भरली. पण आतला हिशेब बाहेर काढावयाचा तर एकेका बिलाचे चित्र तेवढे निघे; आकड्यांचा तक्ता काही निघेना. अकराशे बिले दोघींनी रात्री जागून पुन्हा टिपली.

त्याहून वाईट पुढेच होते. टिपता टिपता मैत्रिणीने म्हटले, “पहिल्या वर्षी वेष्टनाच्या कागदाचे १८,००० मी माझ्या खिशातून दिले होते, ते कुठं आहेत?” ते कुठेच नव्हते. ॲपला बिल ठाऊक होते, रोकड ठाऊक होती; भागीदार नावाचा प्राणी त्याला ठाऊक नव्हता. पुतणीला ती रक्कम आठवेना. दोघी आठ दिवस एकमेकींशी कामापुरतेच बोलत होत्या.

तेव्हा काका आठवला. मी तीस वर्षे एका सहकारी बँकेच्या कर्जखात्यात लोकांचे ताळेबंद वाचण्यात घालवली आहेत. पुतणी येऊन म्हणाली, “काका, हिशेबाचं एखादं स्वस्त सॉफ्टवेअर सांगा.”

मी म्हटले, “स्वस्त म्हणजे काय ते आधी ठरवू.”

खरे पाहता बिलाचे पुस्तक आणि हिशेबाची वही या दोन निराळ्या वस्तू आहेत, ही गोष्ट वडिलांच्या पेढीवरच्या पोऱ्यालाही कळत असे. बिल म्हणजे घडलेल्या व्यवहाराचा एक कागद. वहीत त्याच व्यवहाराच्या दोन बाजू पडतात : कोठून आले आणि कोठे गेले. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली या गणितज्ञ धर्मगुरूने ही दुहेरी नोंदीची पद्धत छापील ग्रंथात मांडली आणि आजचे प्रत्येक खरे हिशेबी सॉफ्टवेअर तिच्यावरच चालते. मैत्रिणीचे १८,००० अशा वहीत एका बाजूला वेष्टनखर्चात आणि दुसऱ्या बाजूला तिच्या भांडवल खात्यात आपोआप जाऊन बसले असते. नवीन उद्योगवाले लोक बिलाचे ॲप घेतात आणि वही घेतली असे समजतात. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे विक्रेत्याला विचारावे : यात भांडवल खाते, तेरीज आणि ताळेबंद निघतो काय? “लवकरच येणार आहे” असे उत्तर आले, तर चहा पिऊन उठावे.

मग किमतीची गोष्ट. भारतात या धंद्यात जुने आणि मोठे नाव टॅलीचे. श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी १९८६ साली बंगळूरला हा उद्योग सुरू केला. टॅलीचा एका संगणकावरचा कायमचा परवाना साधारण वीस-पंचवीस हजारांच्या घरात पडतो. पुढे सुधारणा हव्या असतील तर वार्षिक शुल्क निराळे, पण ते भरले नाही तरी घेतलेले बंद पडत नाही. दुसरा प्रकार वर्गणीचा. त्यात वही तुमच्या घरी नसतेच, ती कंपनीच्या दूरच्या संगणकावर असते आणि तुम्ही कोठूनही उघडता. चेन्नईच्या झोहोचे ‘बुक्स’ हे या प्रकारातले. लहान उलाढालीला अशांची फुकट योजनाही असते. तिची मर्यादा मात्र घेण्याच्या दिवशी पाहूनच घ्यावी, कारण ती बदलते. तिसरा प्रकार खुल्या परवान्याचा, अक्षरशः फुकट. ग्नूकॅश आहे, ते दुहेरी नोंद चोख करते, पण आपल्या जीएसटीची विवरणपत्रे त्याच्याकडून होत नाहीत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट आहे, ते पुष्कळच करते; परंतु ते बसवायला आणि सांभाळायला एक जाणकार माणूस लागतो. तो माणूस फुकट नसतो.

पुतणीने महिना ७५० रुपयांची एक योजना दाखवून “हे सगळ्यांत स्वस्त” असे म्हटले. मी पाटीवर गुणाकार मांडला. वर्षाला ९,०००, तीन वर्षांत २७,०००. म्हणजे कायमच्या परवान्याच्या आसपासच. वर १८ टक्के जीएसटी, पण नोंदणी असलेल्याला तो वजावटीत परत मिळतो, त्याची भीती नको. आता दुसरी बेरीज : अकराशे बिले पुन्हा टिपायला दोघींच्या किती रात्री गेल्या? आणि मार्चअखेर सीएकडे हिशेब नेल्यावर त्याच्या कारकुनाने ते सारे पुन्हा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले, तर त्याची फी कोण देणार? ही दुसरी बेरीज छापील दरपत्रकात कोठेही नसते. म्हणून मी तिला आधी सीएकडे पिटाळले. तो काय वापरतो, आणि तुझी वही त्याला त्याच्या टेबलावरून जशीच्या तशी उघडता येईल काय, एवढेच विचारून ये म्हटले. पुष्कळांची निवड येथेच निम्मी होऊन जाते.

परीक्षा पाहण्याची माझी रीत अगदी दिवाणजीची आहे. जाहिरातीतली वैशिष्ट्ये वाचावयाचीच नाहीत. आपलाच एक जुना महिना घ्यावा, ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, आणि तो दोन निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत लिहून पाहावा. बहुतेक वर्गणीवाले काही दिवस फुकट वापरू देतात. टॅलीची शिकाऊ पद्धतही फुकट असते, पण गमतीचा भाग असा की तीत महिन्याच्या ठराविक दोन-तीन तारखांनाच नोंद करता येते! शिकण्यापुरते ठीक.

आम्ही फेब्रुवारी घेतला. त्यात मुद्दाम त्रासदायक व्यवहार निवडले. दुकानदाराने मुदत संपली म्हणून परत पाठवलेला माल. भागीदारिणीने खिशातून दिलेले पैसे. आणि सगळ्यांत मोठी खोच, ती ऑनलाइन विक्रीची. तिच्यापाशी जरा थांबतो, कारण नवे उद्योग येथेच ठेचकाळतात.

बिस्किटांवर तेव्हा १८ टक्के जीएसटी होता. ४०० रुपयांचा डबा, ७२ कर, गिऱ्हाइकाने दिले ४७२. विक्रीचे संकेतस्थळ यातून आपले कमिशन कापते, समजा ६०, पोचवणावळ ५०, या ११० वर १८ टक्के जीएसटी १९.८०. शिवाय कायद्याप्रमाणे ४०० वर अर्धा टक्का जीएसटीपोटी, म्हणजे २ रुपये, आणि आयकरापोटी ४० पैसे कापून सरकारात भरते. बँकेत येतात ३३९.८०. आमच्या मुलींनी वर्षभर हे ३३९.८० हीच विक्री धरली होती! त्यामुळे झाले काय? कमिशन आणि पोचवणावळ खर्चात आलीच नाही. त्यावरच्या १९.८० ची वजावट बुडाली. कापलेले २ रुपये ४० पैसे मागितलेच नाहीत. आणि करपात्र विक्री कमी दाखवल्यामुळे ७२ च्या जागी ५१.८३ एवढाच कर दाखवला गेला. इकडे संकेतस्थळाने सरकारला पूर्ण ४०० ची विक्री कळवलेली. दोन्ही आकडे सरकारी संगणकात शेजारी शेजारी उभे राहतात, आणि मग नोटीस येते. अजून आली नव्हती, एवढेच सुदैव. सीएने मागचे दुरुस्त करून व्याजासह कर भरायला लावला.

दोन सॉफ्टवेअरपैकी एकात ही नोंद चार ओळींत बसली. दुसऱ्यात ती बसवण्यासाठी मदतीच्या फोनवर पाऊण तास गेला, आणि शेवटी तिकडच्या तरुणाने “मॅडम, सध्या नेट रक्कमच टाका” असा सल्ला दिला. त्याला मनोमन नमस्कार करून आम्ही ते बाद केले. दिसायला तेच अधिक देखणे होते, हेही सांगितले पाहिजे.

खरेदीच्या बाजूचीही अशीच कसोटी घेतली. २०२२ च्या जानेवारीपासून नियम असा की पुरवठादाराने आपले बिल सरकारदरबारी दाखवले आणि ते तुमच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात उतरले, तरच कराची वजावट मिळते. तो तक्ता आणि आपली खरेदीवही शेजारी ठेवून न जुळणारी बिले सॉफ्टवेअरने दाखवली पाहिजेत. हाताने हे काम करणारा माणूस महिन्याचे दोन दिवस घालवतो.

शेवटची परीक्षा बाहेर पडण्याची. आत येण्याचा दरवाजा सगळेच फुलांच्या माळा लावून दाखवतात. मी पुतणीला म्हटले, “आता समज, उद्या हे सोडायचं आहे. सगळ्या नोंदी, सगळी खाती, सगळा साठा एक्सेलच्या तक्त्यात काढून दाखव.” ही नुसती म्हातारपणीची शंका नव्हे. इन्ट्युइट या मोठ्या अमेरिकन कंपनीने आपले क्विकबुक्स भारतात बंद करण्याचे २०२२ साली जाहीर केले, आणि ३१ जानेवारी २०२३ नंतर ते येथे बंद झाले. आर्थिक वर्ष संपायला दोन महिने राहिले असताना लोकांना वही बदलावी लागली. ज्यांनी सारे नीट बाहेर काढले त्यांचे निभावले. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो, कंपनी असेल तर आठ आर्थिक वर्षे. आणि सॉफ्टवेअर बंद पडले ही सबब सरकारदरबारी चालत नाही.

दोघींचा विचार पुढेमागे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करण्याचा आहे, म्हणून आणखी एक गोष्ट पाहिली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक नोंदीतला फेरफार केव्हा झाला ते टिपले जाते आणि ती टिपणी बंद करता येत नाही. वडिलांच्या वहीत खाडाखोड करायची नाही, चुकीवर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, असा दंडक होता. तोच हा!

त्यांनी अखेर वर्गणीवाले घेतले. एकजण गाळ्यावर, एकजण बाजारात, दोघींना एकाच वेळी वही लागते, आणि सीएलाही ते चालत होते. एकाच टेबलावर बसून धंदा करणाऱ्याला मी कदाचित कायमचा परवाना सुचवला असता. नाव मुद्दामच सांगत नाही. तुमच्या फेब्रुवारीने तुम्हाला निराळेच उत्तर दिले तर तेच बरोबर.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, बिस्किटे १८ टक्क्यांवरून ५ वर आली. ऐन दिवाळीच्या मालाचे दिवस. पुतणीने आदल्या रात्री एका जागी दर बदलला, सकाळचे पहिले बिल ५ टक्क्यांचे निघाले. आणि ऑगस्टचा माल परत आला तेव्हा त्याची नोंद जुन्या १८ नेच झाली. मला फोन करून तिने एवढेच सांगितले, “काका, काही झालं नाही.” हिशेबनिसाच्या कानाला याहून गोड वाक्य नाही.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गाळ्यावर गेलो. पाटावर लॅपटॉप उघडा ठेवला होता, आणि त्याच्याशेजारी सगळ्या हिशेबाची नक्कल असलेला पेनड्राइव्ह, एका लाल वहीवर. त्या वहीत रोज रात्री गल्ल्यातली रोकड मोजून लिहायची, ही माझी अट होती. पडद्यावर मैत्रिणीचे भांडवल खाते उघडे होते, त्यात पहिल्या वर्षाच्या खाली १८,००० ची ओळ. मैत्रिणीने ती पाहिली आणि काही न बोलता पुतणीच्या हाती हळदकुंकवाची कोयरी दिली.

“कीबोर्डवर नको ग,” पुतणी म्हणाली, “फटीत जाईल. वहीला लाव.”