एसपीएसएसमधील चलांचे क्रमिक पुनर्संकेतन : उपयोग व मर्यादा

सर्वेक्षणाची माहिती संगणकात भरताना चलांचे संकेतांक सलग असतातच असे नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांचे संकेतांक अनुक्रमे ५२१, ५२७ व ५३० असे आहेत. एसपीएसएसमधील काही प्रक्रियांना मात्र गटदर्शक चलाची मूल्ये सलग पूर्णांकांत लागतात, तर काहींना अक्षरी चल चालतच नाही. अशा वेळी ‘ऑटोरिकोड’ ही आज्ञा उपयोगी पडते. ती मूळ मूल्ये चढत्या क्रमाने लावून त्यांना १, २, ३ असे संकेतांक देते व ते नव्या चलात साठवते. मूळ चल अबाधित राहतो.

अक्षरी चलाच्या बाबतीत हा क्रम वर्णानुक्रम असतो, ही गोष्ट अनेकदा ध्यानात राहत नाही. शिक्षण या चलाच्या ‘निरक्षर’, ‘माध्यमिक’, ‘उच्च माध्यमिक’ व ‘पदवीधर’ या नोंदी घेतल्यास उच्च माध्यमिकला १, निरक्षरला २, पदवीधरला ३ आणि माध्यमिकला ४ हा अंक मिळतो. या अंकांचे मध्यमान वा सहसंबंध गुणक काढणे निरर्थक होय. संगणक मात्र तो निमूटपणे काढून देतो. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या वेळी शिक्षण व ग्रंथालय-वापर यांचा सहसंबंध असाच काढला होता. तो ऋण आला आणि त्याचे समाजशास्त्रीय स्पष्टीकरणही लिहून झाले! चूक उमगली ती पुढे वारंवारता सारणी पाहताना. क्रमवाचक चलासाठी म्हणूनच साधी ‘रिकोड’ आज्ञा वापरून प्रत्येक संकेतांक स्वतः ठरवून द्यावा. शिवाय ‘पदवीधर’ व ‘पदविधर’ हे ऑटोरिकोडच्या लेखी दोन स्वतंत्र गट ठरतात, त्यामुळे जुन्या-नव्या मूल्यांची सारणी ‘प्रिंट’ या उपआज्ञेने छापून घेणे इष्ट.

दुसरी अडचण अनेक वर्षांच्या माहितीची. वरील तीन जिल्ह्यांना पहिल्या वर्षी १, २, ३ हे अंक मिळाले आणि दुसऱ्या वर्षी सोलापूर (५२६) समाविष्ट झाले, तर २ हा अंक सोलापूरकडे जातो व सातारा ३ वर सरकतो. दोन्ही वर्षांच्या फाइली एकत्र केल्यास साताऱ्याचे पहिल्या वर्षीचे प्रतिसादक सोलापूरचे म्हणून मोजले जातील. यासाठी पहिल्या वर्षीची संकेतयोजना ‘टेम्प्लेट’ म्हणून जतन करावी व दुसऱ्या वर्षी तीच लागू करावी. मग जुने अंक कायम राहतात आणि सोलापूरला ४ हा अंक मिळतो.