पायांवर चालणारी टॅक्सी

क्यूबा हा देश खनिज तेलासाठी सोव्हिएत संघावर अवलंबून होता. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि हे तेल आटले. १९९३ पर्यंत देशाचे उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने घटले. राजधानी हवानामध्ये बसगाड्या दुर्मिळ झाल्या. सरकारने चीनमधून लाखो सायकली आणवल्या; पण म्हाताऱ्या माणसांनी, आजाऱ्यांनी काय करावे?

याचे उत्तर लोकांनीच शोधले. जुन्या सायकलींचे भाग आणि लोखंडी नळ्या जोडून त्यांनी तीनचाकी ‘बिसिटॅक्सी’ बनवल्या. पुढे चालक, मागे दोन प्रवासी, वर छप्पर! १९९३ मध्ये स्वयंरोजगाराची मुभा वाढली, तसा या धंद्याने जोर धरला.

या गाडीला इंधन लागत नाही, असे आपण सहज म्हणतो. ते कितपत खरे आहे? हिशेब करून पाहू.

समजा, गाडी ८० किलोग्रॅमची आणि तिघे मिळून १९५ किलोग्रॅमचे. एकूण भार सुमारे २७०० न्यूटन. सपाट रस्त्यावर चाकांचा रोध भाराच्या शंभराव्या भागाइतका, म्हणजे २७ न्यूटन धरू. निरोगी माणूस दीर्घकाळ सुमारे ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. हवेचा रोध सोडून दिला, तर वेग येतो ताशी १० किलोमीटर. आता शंभर मीटरला तीन मीटरचा चढ घ्या. आणखी ८१ न्यूटन बल लागेल आणि वेग ताशी अडीच किलोमीटरवर येईल! दंतचक्रे बदलली तर पायावरचा जोर कमी होतो, पण पायटे जास्त वेळा फिरवावी लागतात. एकूण काम तेवढेच राहते.

हे काम स्नायू करतात. त्यांना अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो. म्हणून तासभर गाडी हाकण्यास सुमारे २६० उष्मांक खर्च होतात. चार तासांचे हजारांवर जातात. आणि नेमके अन्नच तेव्हा कमी पडत होते. क्यूबात माणशी रोजचा आहार सुमारे २९०० उष्मांकांवरून १९०० च्या आत आला होता. १९९२-९३ मध्ये पन्नास हजारांहून अधिक लोकांना मज्जातंतूंचा विकार जडला; अनेकांची दृष्टी अधू झाली. अपुरा आहार हे त्याचे एक मोठे कारण होते.

म्हणजे बिसिटॅक्सीलाही इंधन लागतच होते. ते चालकाच्या ताटातून येत होते. म्हणूनच अशी गाडी हलकी करणे म्हणजे चालकाचे श्रम वाचवणे होय. वरील गाडीचे वजन २५ किलोग्रॅमने घटवले, तर त्याच चढावर वेग किती होईल? तुम्हीच काढून पाहा.