तांबड्या पेशी खाली का बसतात?

मंडळी, आज आपण रक्ताच्या रिपोर्टातला एक आकडा घेऊ: ईएसआर. न गोठणारे रक्त उभ्या नळीत ठेवले की तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. तासाभरात वर किती मिलिमीटर पिवळसर द्रव मोकळा झाला, तो हा आकडा. पोलंडच्या बिएर्नात्स्की यांनी १८९७ साली याकडे लक्ष वेधले; १९२० च्या सुमारास स्वीडनमध्ये फॉरेउस आणि वेस्टरग्रेन यांनी चाचणीला आजचे रूप दिले.

पेशी द्रवापेक्षा जड, म्हणून बसतात, हे झालेच. पण वेग का बदलतो? पेशीच्या पृष्ठभागावर सायलिक आम्ल असते, त्यामुळे तिच्यावर ऋणभार असतो. सगळ्यांचा भार सारखा, म्हणून त्या एकमेकींना लोटतात, सुट्या राहतात आणि सावकाश उतरतात. आता द्रवात फायब्रिनोजेन हे लांबट प्रथिन वाढले की हा दुरावा मोडतो. पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात, आणि चळत एकट्या पेशीपेक्षा लवकर तळाला जाते. शरीरात दाह असला की यकृत हेच प्रथिन जास्त बनवते. प्रयोगशाळेत डेक्स्ट्रान हा लांब साखळीचा पदार्थ मिसळला, तर निरोगी माणसाचे रक्तही भराभर बसते. उलट फायब्रिनोजेन काढून टाकले की वेग मंदावतो. रक्त गोठू नये म्हणून घालायचे सोडियम सायट्रेटसुद्धा मोजूनच: चार भाग रक्ताला एक भाग. प्रमाण चुकले की आकडा चुकला.

आता आपल्या विषयाकडे येऊ. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, कारण अग्नीवाचून धूर नसतो. ईएसआर असा हेतू आहे का? नाही. गरोदरपणात तो वाढतो, रक्त कमी असले तरी वाढतो, वयाबरोबरही वाढतो. विदर्भात, नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात मात्र वाकड्या पेशींची चळतच लागत नाही. आजार असून आकडा कमी राहू शकतो. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: साध्य नसतानाही तो सापडतो.

मग चाचणी निरुपयोगी का? तसेही नाही. ती 'शोधा' म्हणते, 'सापडले' म्हणत नाही. नुसत्या वाढलेल्या आकड्याने रात्रभर झोप उडवून घेऊ नये आणि कमी आकड्यावर विसंबून दुखणे अंगावर काढू नये. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावे. आकड्याआधी आपली लक्षणे सांगावीत.