एक वार, दोन वार आणि सातासमुद्रापार

'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतातून आला, हे पुष्कळांच्या गावी नसते. त्यांचा 'लेइलांव' आपल्या तोंडी घोळता घोळता लिलाव झाला आणि 'एक वार, दोन वार, तीन वार' या पुकाऱ्यासह असा काही मऱ्हाटी बनला की त्याचे मूळ गोत्र सांगितले तर वर्गातली मुले हसतात. आता गंमत पाहा. समुद्रावरून आलेला हा शब्द पुन्हा समुद्रापार निघाला आहे. पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीत, ठोक्याठोक्याने मठारलेले तांब्याचे पातेले संगणकाच्या पडद्यावर लिलावाला लागते आणि त्यावर बोली बोलणारा बसलेला असतो ओहायोत नाही तर मेलबर्नला! येथे हातोडा नाही, पुकारणारा नाही, 'तीन वार' म्हणायला कोणी नाही. घड्याळाचा काटा ठरल्या क्षणावर आला की लिलाव संपला.

हा बाजार मांडला पियर ओमिद्यार नावाच्या एका तरुणाने, १९९५ साली, अमेरिकेत. पुढे तो 'ईबे' या नावाने जगभर पसरला. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू कोणती, तर मोडका लेसर पॉइंटर! चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंट देऊन तो घेणारा ग्राहक निघाला. भारतात या कंपनीने २००४ साली 'बाझी' ही येथली पेढी विकत घेऊन बस्तान बसवले. देशातल्या देशात विकण्याची तिची शाखा २०१८ मध्ये बंद झाली. पण येथून परदेशी विकण्याची वाट मात्र उघडी राहिली.

त्या वाटेने माझी एक जुनी विद्यार्थिनी निघाली आहे. तिचे वडील तांबट. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी ही आळी वसवली. स्टीलची भांडी घरोघर आली तेव्हापासून तेथल्या हातोड्यांचा आवाज उतरत गेला. मुलगी एम. ए. झाली, मराठी घेऊन. "सर, निबंध लिहायला शिकवलंत त्याचा उपयोग आता होतोय," असे ती मला म्हणाली तेव्हा मला आधी थट्टाच वाटली. पण तिने वस्तूंची वर्णने दाखवली आणि मी गप्प झालो. किती किलो, किती इंच, आत कल्हई आहे की नाही, काठाशी बारीक पोचा आहे तो कोणत्या बाजूला, सारे जसेच्या तसे. विशेषण एकही नाही. पाच हजार मैलांवरच्या माणसाला वस्तू हातात घेऊन वाजवून पाहता येत नाही. त्याचा सारा भरवसा वर्णनावर आणि छायाचित्रांवर. वर्णनाशी न जुळणारी वस्तू निघाली तर तो पैसे परत मागतो आणि ते द्यावे लागतात. सगळ्याच लेखकांना असा वाचक मिळावा!

नव्या विक्रेत्याची पहिली कसोटी लागते ती वजनाच्या काट्यावर. दुकानातल्या गिऱ्हाइकाला आपण आधी किंमत सांगतो, मग बांधाबांध करतो. येथे उलटे. पाठवणावळ किती, हे लिलाव सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे लागते, आणि बोली जिंकणारा दुबईचा निघेल की न्यूझीलंडचा, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. म्हणून वस्तू आधी पूर्ण बांधायची, बांधलेली पेटी तोलायची, प्रत्येक देशाचा दर काढायचा आणि मगच ती मांडायची. शिवाय कंपनी आपली दलाली नुसत्या बोलीवर घेत नाही, पाठवणावळ धरून एकूण रकमेवर घेते.

तोलण्यातही एक मेख आहे. तिचे पातेले झाकणासह २ किलो ४०० ग्रॅम भरले. कागदाचे बोळे, पुठ्ठा, बाहेरची पेटी धरून ३ किलो १०० ग्रॅम. खासगी कुरियरवाल्याने टेप काढून पेटी मोजली: ३५, ३५ आणि ३० सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार केला, ५००० ने भागले आणि सांगितले, "सात किलो पस्तीसच्या हिशेबाने पैसे पडतील." विमानात वजन अडवते त्याहून अधिक जागा अडवते, हे त्यामागचे कारण. पातेल्याच्या पोटातल्या हवेचेही भाडे! तेव्हापासून ती पातेल्यात लहान वाट्या बसवून त्यांचा संच विकू लागली. हवेचे भाडे भरण्यापेक्षा तांब्याचे भरावे, हा हिशेब तिच्या वडिलांना एका क्षणात पटला.

टपालाचा मार्ग पुष्कळदा स्वस्त पडतो. देशोदेशींच्या टपालखात्यांचा संघ १८७४ साली बर्न येथे स्थापन झाला आणि १८७६ मध्ये भारत त्यात आला. एका देशाच्या खात्याने घेतलेले टपाल दुसऱ्याच्या खात्याने घरपोच करावे, ही व्यवस्था तेव्हापासूनची. आपल्याकडे २०२२ पासून डाक निर्यात केंद्रे निघाली आहेत. निर्यातीचे कागद तेथूनच संगणकावर भरता येतात. त्याआधी परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. पाचशे रुपये शुल्क. तो घरबसल्या मिळतो. ज्यांना आठवते त्यांना आठवेल, पूर्वी पार्सल म्हणजे मांजरपाटात शिवून लाखेची मोहोर करायची. आता मोहोरेची जागा पेटीवर डकवलेल्या रेघांच्या पट्टीने घेतली आहे. ती पट्टी फार मोलाची. 'मला माल मिळालाच नाही' असे कोणी म्हटले, तर माल पोचल्याचा पुरावा विक्रेत्यानेच द्यायचा असतो. चार पैसे वाचवायला नोंद नसलेल्या टपालाने पाठवणारा नवशिक्या हे चार पैसे पुढे चाळीसपट मोजतो.

मग जकात. येथे मोह आडवा येतो, आणि तो ग्राहकाकडून येतो. "पेटीवर 'भेट' असे लिहा ना," किंवा "किंमत निम्मी दाखवा," अशी गोड विनवणी येते. ग्राहकाला जकात वाचवायची असते; खोट्या कागदावर सही मात्र आपली! शिवाय पेटी हरवली तर भरपाई कागदावरच्या किमतीपलीकडे मिळत नाही. तिने दोनदा नकार दिला. एक ग्राहक रुसला, दुसरा टिकला.

त्याहून अवघड मोह जुन्या वस्तूंचा. भोहरी आळीतल्या भंगारातून एखादी काळवंडलेली समई मिळते आणि परदेशी खरेदीदार तिच्यासाठी वाटेल ती बोली बोलतो. पण १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. उलट, नव्याच वस्तूला मुद्दाम जुनाट रंग आणून विकणाऱ्यांची पंचाईत निराळी: ती जुनी नाही, असा पुरातत्त्व खात्याचा दाखला आणण्याची पाळी त्यांच्यावर येते. आपले भांडे नवे आहे हे अभिमानाने लिहावे, हे उत्तम.

देशोदेशींचे नियम मात्र सारखे हलत असतात. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून स्वस्त मालावरही दहा टक्के कर बसवला. तो बाजार चालवणारी कंपनीच ग्राहकाकडून घेते. ब्रिटनने २०२१ च्या जानेवारीत तसेच केले, युरोपीय संघाने त्याच वर्षीच्या जुलैत. पुढे १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात विकणाऱ्याने तेथे आपला एक जबाबदार प्रतिनिधी दाखवावा, असा नियम आला. घरातल्या खोलीतून धंदा करणाऱ्याने जर्मनीत प्रतिनिधी कोठून आणावा? तिने युरोपच्या नावावर फुली मारली.

आणि मग अमेरिका. तेथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना जकात नव्हती. लहान विक्रेत्यांचा संसार त्या सवलतीवर चालत होता. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत उठणार, असा हुकूम निघाला. जकात कोणी व कशी वसूल करायची याचा पत्ता नव्हता, म्हणून विमानकंपन्या टपाल नेईनात. आपल्या टपालखात्याने शनिवारी, २३ ऑगस्टला, जाहीर केले की सोमवारपासून अमेरिकेचे बहुतेक पार्सल घेणे बंद. तिचा लिलाव संपला होता शुक्रवारी रात्री! पातेले ओहायोतल्या एका बाईंनी चौऱ्याऐंशी डॉलरला घेतले होते.

बुधवारी गणपती बसायचे होते. घरात मखराची गडबड, आणि ही पेटीपुढे बसलेली. नव्या विक्रेत्याचे नाव म्हणजे नुकतेच लावलेले रोप. एक वाईट शेरा पडला की पुढचा ग्राहक दारावरूनच परततो. कुरियरने पाठवावे तर पाठवणावळ पातेल्याहून महाग, वर जकात. तिने बाईंना सरळ पत्र लिहिले: टपाल बंद झाले आहे, केव्हा सुरू होईल हे मला माहीत नाही, थांबाल तर पेटी ठेवते, नाही तर पैसे आजच परत करते. बाईंनी एक दिवस घेतला आणि पैसे परत मागितले. ते तिने त्याच रात्री पाठवले. वडील काही बोलले नाहीत. पातेल्याची पेटी देवघराशेजारी सरकवून त्यांनी मखराला जागा केली. त्या पातेल्यावर त्यांचे चार दिवस गेले होते.

टपाल पुन्हा सुरू झाले ते १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर. आता जकात येथेच, पार्सल देताना, आगाऊ भरायची अशी नवी रीत घेऊन. पण त्याआधीच पातेले दुसऱ्यांदा लिलावाला लागले होते आणि बोली चढली होती ती मेलबर्नमधून, बासष्ट डॉलरवर. पहिल्यापेक्षा बावीस डॉलरनी कमी. तिने ते त्याच पेटीतून पाठवले; फक्त वर नवा पुठ्ठा चढवला, कोपऱ्यांना दुहेरी पट्टी लावली आणि आत एक चिठ्ठी घातली: आंबट पदार्थ शिजवायचे तर कल्हई शाबूत हवी, ती झिजली की पुन्हा करून घ्यावी.

पेटी धडपणे पोचली. शेराही चांगला आला. त्याखाली खरेदीदाराने विचारले आहे की, मेलबर्नमध्ये कल्हईवाला कोठे मिळेल? ती मला विचारते, "सर, काय लिहू?" तिचे वडील मात्र गंभीरपणे म्हणाले, "लिही त्यांना, पातेलं पाठवा, करून देतो," आणि लगेच पेटीचे माप काढायला टेप शोधू लागले.