एका दिवसांत लिस्बन

परदेशच्या प्रवासांत एखाद्या राजधानीच्या शहरीं एकच दिवस हातीं असावा, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. अशा वेळीं प्रवासी बहुधा दोन चुकांपैकीं एक करतो. एक तर मार्गदर्शक पुस्तकांतील प्रत्येक स्थळावर खूण करून तो दिवसभर धांवत सुटतो, आणि रात्रीं त्याला चर्चें, वाडे व पुतळे यांची गल्लत झालेली आढळते. नाहीं तर 'एका दिवसांत काय पाहून होणार?' असें म्हणून तो बाजारांतच वेळ घालवितो. वस्तुतः एक दिवस थोडा नव्हे; मात्र काय सोडावयाचें हें आधीं ठरलें पाहिजे. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हें याचें उत्तम उदाहरण होय. या नगराचा इतिहास मोजक्या जागीं ठळकपणें उमटलेला आहे, आणि त्याचा एक धागा थेट गोमंतकापर्यंत येतो.

टेगस नदी जेथें अटलांटिक महासागरास मिळते, तेथें टेकड्यांच्या उतारावर हें शहर वसलें आहे. पदपथ चुनखडीच्या लहान लहान दगडांनीं मढविलेले असून पाऊस पडला म्हणजे ते फार निसरडे होतात. म्हणून चांगली पकड असलेला जोडा ही येथील पहिली तयारी. दुसरी गोष्ट वाराची. जेरोनिमो मठ सोमवारीं बंद असतो, हें ध्यानांत ठेवून दिवस निवडावा.

सकाळीं आरंभ सेंट जॉर्जच्या किल्ल्यापासून करावा. पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसू हेन्रिक यानें ११४७ सालीं समुद्रमार्गें निघालेल्या धर्मयोद्ध्यांच्या साहाय्यानें मूर लोकांकडून हें शहर जिंकलें. तटावरून खालीं पाहिलें म्हणजे नगराचीं दोन रूपें एकदम दिसतात. एका बाजूस आल्फामा हा जुना भाग. नांव अरबी, गल्ल्या अरुंद व वांकड्या. दुसऱ्या बाजूस बायशा हा सखल भाग. तेथें रस्ते पट्टीनें आंखल्यासारखे सरळ. एकाच शहरांत हा फरक कां, हा प्रश्न मनांत घेऊनच प्रवाशानें खालीं उतरावें. आल्फामांत वाट चुकली तरी चिंता नाहीं. उतार धरून चालत राहिलें म्हणजे नदी येतेच. वाटेंतील दुकानांत मराठी कानास अधूनमधून ओळखीचे शब्द भेटतात. पाव, चावी, पगार, लिलाव, घमेलें हे शब्द याच भाषेंतून आपल्या घरांत आले आहेत.

वरील प्रश्नाचें उत्तर नदीकांठच्या विस्तीर्ण चौकांत मिळतें. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण होता. सकाळीं साडेनऊ वाजून गेल्यावर, चर्चें भाविकांनीं भरलेलीं व वेदींवर मेणबत्त्या तेवत असतां, भयंकर भूकंप झाला. उघड्या जागेच्या आशेनें लोक नदीकडे धांवले, तों सुमारें चाळीस मिनिटांनीं समुद्राच्या प्रचंड लाटा नदीच्या मुखांतून आंत शिरल्या. आणि त्यांतून जें उरलें तें कित्येक दिवस भडकत राहिलेल्या आगीनें गिळलें. हजारों माणसें मेलीं. राजवाडा आपल्या ग्रंथसंग्रहासह नष्ट झाला. या चौकास लोक आजहि 'राजवाड्याचें पटांगण' म्हणतात. राजवाडा मात्र तेथें नाहीं.

आल्फामा पुष्कळसा वांचला, बायशा भुईसपाट झाला. पुढें पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या प्रधानानें तो नव्यानें उभारविला. रस्ते सरळ व रुंद केले आणि सोनार, रुपेरी काम करणारे, चांभार अशा धंद्यांचीं नांवें त्यांस दिलीं. घरांच्या भिंतींत लांकडी पिंजऱ्यासारखा सांगाडा बसविला. हेतु हा कीं, जमीन हादरली असतां घर लवावें, पण मोडूं नये. या सांगाड्याच्या नमुन्याभोंवतीं सैनिकांना पावलें आपटीत चालवून त्याची परीक्षा घेतली, असें सांगतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यानें गांवोगांवच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली पाठविली. धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधीं ओसरला कीं आधीं चढला? जो अनर्थ कित्येक जण ईश्वरी कोप म्हणून सांगत होते, त्याची अशी मोजदाद करण्यांतच भूकंपशास्त्राच्या आरंभींच्या पाऊलखुणा दिसतात.

बायशाच्या वर कार्मो मठ आहे. १३८९ मध्यें स्थापन झालेल्या या मठाच्या चर्चचें छप्पर त्या दिवशीं कोसळलें, तें पुन्हां पुरें झालें नाहीं. दगडी कमानी उघड्या आकाशाखालीं तशाच उभ्या आहेत. त्याच्या समोरचा लहानसा चौक मात्र अगदीं अलीकडच्या इतिहासाचा आहे. २५ एप्रिल १९७४ रोजीं बंडखोर सैनिकांनीं येथील शिबंदीच्या ठाण्यास वेढा घातला, आंत आश्रय घेतलेला पंतप्रधान काएतानु शरण आला, आणि बहुतेक अर्ध्या शतकाची हुकुमशाही संपली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजीं मुक्त झाला होता. परंतु लिस्बनच्या सरकारनें तें सत्य तोंपर्यंत मान्य केलें नव्हतें. या बदलानंतर ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानें तें मान्य झालें. म्हणून या चौकांत गोमंतकीय प्रवाशानें पांच मिनिटें थांबावें.

दुपारीं पंधरा क्रमांकाच्या ट्रामनें बेलें गांठावें. हा भाग पश्चिमेस सुमारें सहा किलोमीटरवर आहे. येथूनच ८ जुलै १४९७ रोजीं वास्को द गामा निघाला आणि मे १४९८ मध्यें कालिकतला पोहोंचला. मागाहून येथें जेरोनिमो मठ उभा राहिला. दोरखंड, प्रवाळ व समुद्रवनस्पति यांच्या आकृति त्याच्या दगडांत कोरलेल्या आहेत. या बांधकामाचा मोठा खर्च पूर्वेकडील व आफ्रिकेच्या व्यापारावरील सुमारें विसाव्या हिश्श्याच्या करांतून निघाला. म्हणजे मलबारचें मिरें येथें पाषाणरूपानें उभें आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. चर्चच्या दारानजीक वास्को द गामा व कवि कामोंइश यांच्या समाध्या समोरासमोर आहेत. कामोंइशनें कांहीं वर्षें गोव्यांत काढलीं होतीं. त्याचें महाकाव्य १५७२ सालीं प्रसिद्ध झालें.

येथें कलेचें कौतुक करावें, पण स्मृति जागी ठेवावी. १५०२ च्या दुसऱ्या सफरींत याच वास्कोनें मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें जहाज माणसांसह जाळलें. समाधीवर हें कोरलेलें नाहीं. पाहणाऱ्यानें तें आपल्याबरोबर आणावें लागतें.

नदीच्या पात्रालगतच्या बेलेंच्या बुरुजावर, एका टेहळणी-मनोऱ्याच्या तळाशीं, झिजलेलें गेंड्याचें डोकें आहे. गुजराथचा सुलतान मुजफ्फरशहा यानें दिलेला गेंडा अल्बुकर्कनें आपल्या राजाकडे धाडला. २० मे १५१५ रोजीं तो लिस्बनला उतरला. ड्यूरर या जर्मन चित्रकारानें तो प्रत्यक्ष न पाहतां, केवळ वर्णनावरून त्याचें प्रसिद्ध चित्र काढलें. पुढें पोपकडे भेट म्हणून नेत असतां इटलीच्या किनाऱ्यालगत जहाज बुडून तो बिचारा मेला.

सायंकाळीं नदीकांठीं बसून दिवसाचा हिशेब करावा. वस्तुसंग्रहालयें राहिलीं, उपनगरांतील राजवाडे राहिले. त्यांची खंत नको. मावळतीकडे समुद्राचें मुख दिसतें. ४ एप्रिल १५७९ रोजीं याच बंदरांतून थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास निघाला आणि त्याच वर्षीं तेथें पोहोंचला. तो मराठी शिकला आणि १६१६ सालीं त्याचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झालें. तोफा व मिऱ्यांचीं गलबतें ज्या वाटेनें गेलीं आलीं, त्याच वाटेनें निघालेला एक मनुष्य मराठीचा प्रेमी झाला. एवढें मनांत घेऊन प्रवासी परतीच्या ट्राममध्यें बसला, तर त्याचा दिवस कारणीं लागला असें समजावें.