पायांचं गाऱ्हाणं

डोळा लवला की आपण लगेच विचारतो, डावा की उजवा? बायकांचा डावा लवला तर चांगलं, माहेरचा निरोप येणार, असं आजी सांगायची. पण पायाची पोटरी लवली तर? रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि कातडीखाली काहीतरी वळवळायला लागलं, मांडीचा स्नायू आपोआप फडफडायला लागला, तर तो कशाचा शकुन? हे काही आजीने सांगितलं नव्हतं. म्हणून आपण 'वात असेल' म्हणतो आणि कूस बदलून झोपतो.

आमच्या सेलूतल्या एका काकूंनीही तेच केलं. सेलू म्हणजे परभणीचं नव्हे बरं का, आपलं वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं. काकू साठीच्या. दहा-बारा वर्षांपासून शुगर. गोळी चालू होती, पण संपली की 'पुढच्या बाजाराच्या दिवशी आणू' म्हणत आठ-आठ दिवस तसेच जायचे. दुपारी ओसरीवर वाती वळत बसल्या की पायांचं गाऱ्हाणं सुरू व्हायचं.

"काय सांगू वं माय, रातच्याले पिंढरी अशी उडते, जसा आत किडा फिरून रायला. मुंग्या तर विचारूच नको. पाय पांघरुणात घेतला तर आग होते, बाहेर काढला तर गार पडते. झोपच येत नाही."

कुणी तिळाचं तेल सांगितलं, कुणी पाय शेकायला सांगितले. दोन-तीन वर्षं असंच चाललं. मग एक दिवस काकूच म्हणाल्या, "आता काईच होत नाही पाहा. आपोआप गेलं." आम्हीही म्हटलं, चला, बरं झालं.

बरं झालं नव्हतं. एका सकाळी सुनेला फरशीवर लाल ठिपके दिसले. तिला वाटलं, देवघरातलं कुंकू सांडलं. ठिपक्यांच्या मागे मागे गेली तर ते थेट स्वयंपाकघरात, काकूंच्या पायाशी. अंगणातला खिळा स्लिपरमधून आरपार जाऊन तळपायात रुतला होता आणि काकू निवांत उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या. त्यांना पत्ताच नव्हता. जखम चिघळली, आत पू झाला. पाय वाचला, पण करंगळी गमवावी लागली.

मैत्रिणींनो, आजचा विषय हाच. पाय ओरडतो तेव्हा आपण ऐकत नाही, आणि तो गप्प झाला की आपण खूश होतो.

पायातच का?

आपल्या शरीरातल्या नसा म्हणजे विजेच्या तारा समजा. इथे नसा म्हणजे रक्ताच्या नाहीत, संवेदना वाहून नेणाऱ्या, ज्यांना डॉक्टर चेता किंवा मज्जातंतू म्हणतात. सगळ्यांत लांब तारा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या तारांना इजा होते. त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही खराब होतात. सर्वांत लांबची तार आधी बिघडते. म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो, बहुतेक वेळा दोन्ही पायांत सारखा, आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो. तो गुडघ्याकडे सरकू लागला की बरेचदा हाताच्या बोटांनाही मुंग्या सुरू होतात.

बिघडलेली तार कधी ठिणग्या टाकते, कधी बंद पडते. ठिणग्या म्हणजे मुंग्या, सुया टोचल्यासारखं होणं, आग, विजेचा झटका. रात्री हा त्रास जास्त जाणवतो. स्नायूंकडे जाणाऱ्या नसांना इजा झाली तर पोटरी फडफडते, पायात गोळे येतात, पुढे पाऊल कमजोर होतं. आणि तार बंद पडली की? बधिरपणा. काकूंचं 'आपोआप गेलं' ते हे.

सगळ्यांनाच आधी मुंग्या येतात असंही नाही. मधुमेहात नसांना इजा झालेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना काहीच जाणवत नसतं. तपासलं तरच कळतं.

प्रत्येक फडफड मधुमेहाची नसते

हे वाचून लगेच घाबरू नका. दिवसभर कापूस वेचून किंवा लग्नघरात राबून आलं की पोटरी फडफडते. झोप अपुरी, चहा भरपूर, उन्हाळ्यात घाम जाऊन पाणी आणि क्षार कमी पडणं, यांनीही तसं होतं. थायरॉईडचा त्रास असेल, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तरी गोळे येऊ शकतात. नुसती फडफड आहे, ताकद कमी झालेली नाही, मुंग्या-बधिरपणा नाही, तर बहुधा ती विश्रांतीने जाते.

एक कारण मात्र खास लक्षात ठेवा, ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते दूध-दही, अंडी, मांस-मासे यांतून मिळतं. आपल्याकडे अनेक बायका शाकाहारी. दूध मुलांना, दही नवऱ्याला आणि आपल्याला पातळ ताक! त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. त्यानेही पायांना मुंग्या येतात, आणि आपण सगळा दोष साखरेला देत बसतो. म्हणून मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना 'माझं बी-१२ तपासू का?' असं विचारा. कमतरता निघाली तर उपचार सोपा आहे, पण उशीर करू नये. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

आणखी एक फरक. चतुर्थीचा उपास, सकाळची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही, अशा वेळी हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, छाती धडधडली, तर ते नसांचं नाही, साखर एकदम खाली गेल्याचं लक्षण आहे. ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घ्या. उपास मोडला तरी देव रागावणार नाही.

वर्ध्याला हे आधीच माहीत होतं

न दुखणारा पाय किती घातक असतो, हे आपल्या वर्धा जिल्ह्याने फार पूर्वी जवळून पाहिलं आहे. ते कुष्ठरोगाच्या निमित्ताने. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामात गांधीजी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत असत. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचं काम वर्ध्याहून सुरू झालं.

तेव्हा लोकांना वाटायचं, कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात. दक्षिणेत वेल्लोरच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की मुख्य कारण वेगळं आहे. नसा मेल्यामुळे दुखणंच कळत नाही. माणूस निखाऱ्यावर पाय ठेवतो, काट्यावर चालतो, जखमेवर दिवसभर भार देतो, आणि पाय झिजत जातो. मग अशा पायांसाठी आतून मऊ, सच्छिद्र रबराच्या चपला तयार झाल्या. पुढे १९६६ साली ब्रँड अमेरिकेत गेले, आणि कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी शिकलेली हीच काळजी मधुमेहींच्या पायांनाही लागू पडते हे लक्षात आलं.

आजार दोन वेगळे. मधुमेह काही संसर्गाने होत नाही. पण बधिर पायाची गोष्ट एकच. दुखणं हा आपला राखणदार आहे. तो झोपला की घराची राखण आपल्या डोळ्यांनी करावी लागते.

आणि ही राखण करायची वेळ किती घरांवर येणार आहे, पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक उंबरठ्यावर आहेत.

तपासणी सोपी, दुखत नाही

मधुमेह कळला त्याच वर्षी आणि नंतर दर वर्षी पायांची तपासणी करून घ्यायची. डॉक्टर नायलॉनचा एक जाडसर धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवतात आणि 'लागलं का?' विचारतात. कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का ते पाहतात. पायाची नाडी बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम.

आपण मात्र दवाखान्यात जातो, साखरेचा कागद दाखवतो, चिठ्ठी घेतो आणि उठतो. चपला दाराबाहेर आणि पाय साडीत झाकलेले. पुढच्या वेळी स्वतःहून म्हणा, "डॉक्टर, माझे पाय पण बघा." लाजायचं काय त्यात?

तिशी ओलांडली असेल आणि साखर कधीच तपासली नसेल, तर गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात) ती तपासून मिळते. आशाताईंना विचारा. पुढची गरज पडली तर सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालयं आपल्या सेलूकरांना दूर नाहीत.

खूप आग होत असेल, झोप लागत नसेल, तर ती कमी करणारी औषधं आहेत. ती डॉक्टरांकडूनच घ्यायची, शेजारणीच्या डब्यातून नाही. मेलेल्या नसा पुन्हा जिवंत करणारं औषध मात्र आजही नाही. म्हणूनच तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण सातच्या आसपास ठेवायची (वय झालेल्यांना डॉक्टर थोडी सूट देतात), रोज चालायचं, आणि तंबाखू, खर्रा, गुल यांना हात लावायचा नाही. जे उरलं आहे ते असं जपता येतं.

रोजची पाच मिनिटं

- रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळपाय बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा. चष्मा लावून बघा, नाहीतर नातवाला बघायला सांगा. फोड, भेग, लाली, सूज, बोटांमधला ओलेपणा शोधायचा.
- पाय कोमट पाण्याने धुवा. पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, कोपराने बघा, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला हात घालून बघायला सांगा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा.
- भेगांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, पण बोटांच्या मधे नको.
- गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, शेगडीवर पाय धरणं, हे बंद. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.
- घरातही अनवाणी फिरू नका. आपल्या वैशाखातली अंगणाची फरशी तव्यासारखी तापते. केळझरच्या गणपतीला जाताना देवळाच्या पायऱ्यांपर्यंत चप्पल असू द्या, आणि आत सुती मोजे घाला.
- चप्पल घालण्यापूर्वी झटका, आत हात फिरवा, तळ उलटून बघा. नवीन चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर मिळतं.
- जोडवी घट्ट होत असतील तर सैल करून घ्या. सौभाग्याची खूण जखमेची जागा होऊ नये.
- नखं सरळ कापा. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, त्यावर कॉर्नची पट्टीही लावायची नाही.

थांबू नका, दाखवा

पायाला जखम झाली आणि दुखत नाही, तर 'लहानशीच आहे' म्हणू नका. न दुखणारी जखम जास्त वाईट. त्याच दिवशी दाखवा. पाऊल उचललं जात नसेल, चप्पल नकळत पायातून सुटत असेल, मांडी बारीक होत असेल, फडफडीबरोबर ताकद कमी होत असेल, एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागत असेल, पाय काळा-निळा पडला असेल, तरीही लगेच जायचं. आणि एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर एक मिनिटही न घालवता मोठं रुग्णालय गाठायचं.

काकू आता बऱ्या आहेत. गोळी चुकत नाही. रोज रात्री त्यांची सून कॉटच्या कडेला बसते आणि सासूचे पाय मांडीवर घेऊन उजेडात बघते. पहिल्यांदा काकू फार संकोचल्या. "सुनेनं माये पाय पाहावं, बरं दिसते का?" त्यावर सून म्हणाली, "सणावाराला पाया पडतोच ना आई, मग नीट पाहूनच पडतो."

आपल्याकडे आईच्या, सासूच्या पायांना हात लावून नमस्कार करायची चांगली रीत आहे. पण आपण वाकतो, हात लावतो आणि उठतो. ते पाय बघत नाही. या वेळी वाकाल तेव्हा क्षणभर थांबा. तळवा उलटून बघा, बोट टेकवून विचारा, "आई, लागतं का हो इथं?"

आणि हो, त्याच रात्री स्वतःचेही बघा.