चोर सोडून संन्याशाला

नोव्हेंबर लागला की बालाघाटच्या ऑनलाइन दुकानांत पेन्शनरांची गर्दी होते. निवृत्त शिक्षक, वनखात्यातले जुने नाकेदार, कुणाच्या तरी मागे राहिलेली काकू. हातात पासबुक, आधार कार्ड आणि साधा मोबाइल. काम एकच, 'जीवन प्रमाण' काढायचं, म्हणजे आपण जिवंत आहोत हे थम्ब मशीनवर बोट ठेवून सरकारला कळवायचं. ही सोय 2014च्या नोव्हेंबरात सुरू झाली. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं, पण आमच्याकडे भरवसा अजून अंगठ्यावरच. आणि नेमकं याच महिन्यात कुठल्या ना कुठल्या दुकानात मशीनचं सॉफ्टवेअर नव्यानं टाकायची वेळ येते.

काली पुतली चौकाजवळच्या अशाच एका दुकानात मी आमच्या कॉम्प्युटरवाल्याबरोबर बसलो होतो. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी असा मोटरसायकलवर फिरून तो मशिनी दुरुस्त करतो. ड्रायव्हर टाकून झाला. मग आरडी सर्व्हिसचं सेटअप उघडलं. हिरवी पट्टी अर्ध्यावर गेली आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवली: ट्रोजन सापडला, क्वारंटाइन केला. सेटअप मात्र 'पूर्ण झालं' म्हणून मोकळं झालं. मुख्य फाईलच उचलून नेल्यामुळे मशीन काही बोट ओळखेना.

"भैया, वायरस बता रहा है. एंटीवायरस बंद कर दूँ?" दुकानदारानं विचारलं. त्याचं चूक नव्हतं. भिंतीवर पुरवठादारानं दिलेल्या सूचनांची झेरॉक्स चिकटवलेली होती आणि तिची पहिलीच ओळ होती: इंस्टॉल करने से पहले एंटीवायरस बंद करें.

बाकावरचे काकाजी म्हणाले, "माझा अंगठा होईल न जी?"

"होईल काकाजी, थोडं बसा," म्हणत कॉम्प्युटरवाल्यानं खुर्ची पुढे ओढली. बंद त्यानं काहीच केलं नाही.

संशय का आला, हे समजायला आरडी सर्व्हिस करते काय ते पाहावं लागतं. आधारच्या नियमाप्रमाणे बोटाचा ठसा उघडा बाहेर जाता कामा नये, म्हणून ही सेवा ठसा घेते आणि तिथल्या तिथे कुलूपबंद करून पुढे देते. संगणक सुरू झाला की ती न विचारता सुरू होते. ब्राउझरमधल्या पानाशी बोलण्यासाठी 11100 ते 11120 यांपैकी एखादा पोर्ट उघडून बसते. आपल्या सर्व्हरशी अधूनमधून बोलून येते. आपला कोड कुणाला वाचता येऊ नये म्हणून तो गुंतागुंतीचा करून ठेवते. आता हीच यादी नाव झाकून एखाद्या जाणकाराला वाचून दाखवा: लपून सुरू होतो, दार उघडून बसतो, बोटाचे ठसे गोळा करतो, बाहेर काहीतरी पाठवतो, तोंड झाकून असतो. तो म्हणेल, धरा याला.

अँटीव्हायरसही तेच म्हणतो. पूर्वी असं नव्हतं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी 1990च्या दशकात जेव्हा 'क्विक हील'चा पाया घातला, तेव्हा व्हायरस आजच्या मानानं मोजके होते. पकडलेल्या प्रत्येकाच्या कोडचा तुकडा नोंदवून ठेवायचा आणि फाईलशी ताडून पाहायचा, असं काम होतं. आज जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था दिवसाला साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक आणि नकोशा प्रोग्रॅमांची नोंद करते. प्रत्येकाचा ठसा कोण काढत बसणार? म्हणून यंत्र चालचलन बघतं, बांधणी बघतं आणि अंदाज बांधतं. अंदाज म्हटला की चूक आलीच.

हा अंदाज आहे की ओळख, हे बऱ्याचदा नावावरून कळतं. कॉम्प्युटरवाला लाल चौकट मिटवत नाही, आधी तिच्यातलं नाव वाचतो. नावात 'जेन' किंवा 'ह्युर' असेल तर सरसकट संशय समजायचा. मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरमध्ये नावाच्या शेवटी 'उद्गारचिन्ह एमएल' दिसलं, तर तो निकाल मशीन लर्निंगचा आहे. याउलट एखाद्या नेमक्या घराण्याचं नाव आलं, तर तो हात आखडता घेतो. इथे नावात 'जेन' होतं.

मग त्यानं कंपनीच्या साइटवरून सेटअप पुन्हा उतरवलं, फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या आणि 'डिजिटल सिग्नेचर्स'मध्ये गेला. सही कंपनीचीच होती आणि शाबूत होती. मग काळ्या खिडकीत सर्टयुटिल ही आज्ञा देऊन फाईलचा चौसष्ट अक्षरी हॅश काढला आणि तो व्हायरसटोटलवर टाकला. ही सेवा 2004 साली स्पेनमध्ये सुरू झाली, 2012 मध्ये गुगलनं घेतली. एका फाईलवर ती सत्तरेक इंजिनांचं मत एकत्र दाखवते. तिघांनी लाल दाखवलं होतं, बाकी सगळे हिरवे.

"तिघांचं नाव बघा," तो मला म्हणाला. तिन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच नाव. "हे तीन नाहीत, एकच आहे. दोघं तिसऱ्याचं इंजिन भाड्यानं वापरतात." हे मला ठाऊक नव्हतं, आणि लाल-हिरवं मोजून निर्णय घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसावं. अनेक अँटीव्हायरस कंपन्या स्वतःच्या जोडीला दुसऱ्याचं इंजिन घेतात, त्यामुळे एकाची चूक पाच तोंडांनी बोलली जाते.

क्वारंटाइनमध्ये गेलेली फाईल नष्ट झालेली नसते, तिचं रूप बदलून बाजूला ठेवलेली असते. त्यानं ती परत आणली, फक्त तेवढ्या एका फाईलला सूट दिली आणि अँटीव्हायरस कंपनीच्या चुकीच्या इशाऱ्यांच्या फॉर्मवर नमुना पाठवून दिला. काकाजींचा अंगठा झाला. तिसऱ्या बोटावर झाला, पण तो दोष सॉफ्टवेअरचा नव्हे. जन्मभर कष्ट केलेल्या हातांच्या रेषा झिजतातच.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची 'एसव्हीसीहोस्ट' ही स्वतःची, अगदी आवश्यक फाईल व्हायरस म्हणून धरली. जगभरातले संगणक पुन्हा पुन्हा बंद-सुरू होत राहिले. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या काही रुग्णालयांनी त्या दिवशी तातडीचे नसलेले रुग्ण परत पाठवले. 2012च्या सप्टेंबरात सोफोसनं तर आपलाच अपडेटर धरला. म्हणजे ज्या वाटेनं दुरुस्ती यायची तीच वाट अडली.

पण विंडोजची फाईल चुकून धरली तर दुसऱ्या दिवशी जगभर बोभाटा होतो. वारासिवनीतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं काय? त्याच्याकडे कृतिदेव फॉन्टमध्ये वर्षानुवर्षांचा मजकूर साठलेला असतो आणि नवं काम युनिकोडमध्ये मागतात. टायपिंग क्लासमध्ये सीपीसीटीच्या परीक्षेसाठी मुलं रेमिंग्टन गेल कीबोर्ड शिकतात. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये आयती मिळते, रेमिंग्टन गेलसाठी वेगळं काही टाकावं लागतं. यातली बरीच साधनं दाबलेली प्रत्येक कळ मधल्या मध्ये अडवतात, तिच्या जागी देवनागरी अक्षर ठेवतात आणि मग पुढे सोडतात. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही कळ तशीच अडवतो. फरक एवढाच, की तो ती लिहूनही ठेवतो. बाहेरून बघणाऱ्याला पहिला भागच दिसतो.

त्यावर दुसरा घाव पत नसण्याचा. विंडोजचं स्मार्टस्क्रीन एखाद्या फाईलवर निळी पाटी लावायची की नाही हे ठरवताना, ती किती जणांनी उतरवली आणि सही कुणाची आहे, हे बघतं. नवखा माणूस गावात आला की पारावर चौकशी होते, तसंच. क्रोम कोट्यवधींनी उतरवलेलं, त्याला कुणी अडवत नाही. सहीचं प्रमाणपत्र घ्यायला दरवर्षी हजारो रुपये लागतात, आणि जून 2023 पासून त्याची किल्ली वेगळ्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. एकट्यानं बसून फुकट वाटण्यासाठी काही बनवणाऱ्याला हे परवडणारं नाही. याच बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 साली गोंडीसाठी लिपी रचली. शंभर वर्षं होता होता, 2017 मध्ये, ती युनिकोडमध्ये आली. उद्या बैहरच्या एखाद्या मुलानं तिचा कीबोर्ड करून वाटला, तर पहिल्या पन्नास जणांना निळी पाटीच दिसेल. भाषा जितकी थोड्यांची, तितका तिच्या साधनांवर संशय अधिक, असं हे गणित आहे. ते कुणी द्वेषानं मांडलेलं नाही, पण भरावं लागतं ते आपल्याला.

आणि म्हणूनच 'बंद करा'ची सवय लागते. वारासिवनीच्याच एका डीटीपीवाल्याकडे टायपिंगचं एक सेटअप पेनड्राइव्हवरून टाकताना लाल चौकट आली. "हे नेहमीचंच, भाऊ. खोटी ओरड," म्हणत त्याचा हात माऊसकडे गेलाही. कॉम्प्युटरवाल्यानं प्रॉपर्टीज उघडल्या. सही होती, पण अवैध म्हणून. साइटवरच्या मूळ फाईलपेक्षा ही फुगलेलीही होती. चौकटीत नाव होतं सॅलिटीचं. हा जुना व्हायरस चांगल्या सेटअपांच्या शेपटीला स्वतःला जोडून घेतो, आणि सहीनंतर फाईलमध्ये असं काही घुसलं की सही बाद होते. पेनड्राइव्हवरच्या जवळपास प्रत्येक सेटअपची तीच गत होती, आणि तो पेनड्राइव्ह बाजारातल्या निम्म्या दुकानांत फिरून आलेला.

माझ्या मते भिंतीवरची ती झेरॉक्स आधी फाडली पाहिजे. चोरीचं सॉफ्टवेअर देणाराही पहिल्या ओळीत अँटीव्हायरस बंद करायलाच सांगतो. प्रामाणिक पुरवठादारानं तेच वाक्य छापलं, तर गिऱ्हाइकानं दोघांत फरक कशावरून करायचा? कुठल्या फोल्डरला सूट द्यायची, सही कुणाची असेल, हॅश काय, एवढं अर्ध्या पानात मावतं.

परतताना बसस्टँडजवळच्या एका टायपिंग क्लासमध्ये त्याचं काम होतं. संगणक मंद झालेले. त्यानं सवयीनं अँटीव्हायरसची सूट-यादी उघडली. अख्खा सी ड्राइव्ह, डाउनलोड्स फोल्डर, ई ड्राइव्ह म्हणजे पेनड्राइव्ह. विंडोज फुकटात 'ॲक्टिव्हेट' करताना कुणीतरी ही दारं उघडली होती आणि पुन्हा लावलीच नव्हती. एकेक ओळ तो खोडत गेला. शेवटी एका अनोळखी फाईलचं नाव उरलं.

"हे काय आहे, मॅडम?"

"काय माहीत जी. आधीपासूनच आहे," क्लासवाल्या बाई म्हणाल्या. "काढाल तर मुलांचं टायपिंग बंद नाही न पडणार? रविवारी पेपर आहे त्यांचा."

त्यानं घड्याळ पाहिलं, फाईलवर राइट क्लिक केलं आणि सही शोधायला लागला.